निकाल ठाऊक आहे, तरीही

परीक्षेचा निकाल लागल्यावर अभ्यासाला बसणारा विद्यार्थी तुम्ही पाहिला आहे काय? मुलगी सासरी नांदायला लागल्यावर स्थळ बघायला निघालेला बाप? लॉटरीची सोडत होऊन आठवडा उलटल्यावर तिकिटाला हळदकुंकू वाहणारा गृहस्थ? नसेल पाहिला, तर पावसाळ्यात एखाद्या रात्री आमच्या पोशीरला या. नेरळ स्टेशनला उतरा, रिक्षा करा, खड्ड्यांबद्दल रिक्षावाल्याचं भाषण ऐका आणि गावात शिरा. एका घराच्या ओटीवरून ‘अरे मार! मार ना लेका!’ अशी आरोळी कानावर येईल. घाबरू नका. भाऊबंदकी नाही, फुटबॉल आहे.

ज्याला उद्देशून ही आरोळी असते, तो ५ जुलै १९८२ रोजी बार्सिलोना शहरात जे काय मारायचं ते मारून किंवा न मारून मोकळा झालेला आहे. ज्या सारिया मैदानावर हे घडलं, ते मैदान १९९७ साली पाडूनसुद्धा टाकलं. ब्राझीलचा कप्तान सॉक्रेटिस २०११ साली वारला. ज्यानं त्याच्या तोंडचा घास काढला, तो इटलीचा पाओलो रॉसी २०२० साली गेला. आणि तरीही ओटीवर बसलेली पाच शहाणीसुरती माणसं घड्याळाकडे बघून एकमेकांना धीर देत असतात, ‘‘अजून पंधरा मिनिटं आहेत. काहीही होऊ शकतं!’’

काहीही होऊ शकत नाही. इटली तीन, ब्राझील दोन. चाळीस वर्षांहून जास्त काळ हाच आकडा आहे आणि आमच्या आरोळ्यांनी तो बदललेला नाही.

त्या पाचांतला एक मी. आता मी कॉमर्सचा पदवीधर, आणि वीसेक वर्षं बँकेत कारकुनी करतो. आमच्या शास्त्रात गेलेला पैसा गेला. पुढचा विचार करताना त्याच्याकडे वळून बघायचं नाही, असं पहिल्या वर्षालाच शिकवतात. आमच्या धंद्यात दिवसाचा हिशेब एकदा जुळला की जुळला. कालच्या नोंदीपुढे बसून ‘अरेरे, ही रक्कम जमेला पडली असती तर!’ असा उसासा टाकणारा कारकून फार दिवस टिकत नाही. तेव्हा निकाल ठाऊक असलेल्या सामन्यापुढे श्वास रोखून बसणं हे शहाणपणाचं आहे काय, हा प्रश्न मला पडणं साहजिक आहे. त्याहून अवघड प्रश्न असा, की ते प्रामाणिकपणाचं आहे काय? जे होणार नाही हे पक्कं ठाऊक आहे, ते होईल अशी आशा धरणं म्हणजे स्वतःशीच केलेली लबाडी नव्हे काय?

आमच्या सौभाग्यवतींना असले तात्त्विक प्रश्न पडत नाहीत. त्यांना व्यवहारी पडतात. पहिल्या दिवशी मी जेवणाआधीच घाईघाईनं निघालो, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘सामना १९८२ सालचा ना? मग चाळीस वर्षं थांबलाय तो, अजून अर्धा तास थांबेल. पानं घेतलीत.’’

तसं पाहिलं तर निकाल ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा पाहणं हा मराठी माणसाचा जुनाच व्यवसाय आहे. कीर्तनाला बसलेल्या एका तरी म्हातारीला रावण सीतेला पळवणार हे ठाऊक नसतं काय? तिच्या जन्माआधीपासून तो पळवतो आहे. तरी बुवा त्या प्रसंगापाशी आले की ती पदर तोंडाला लावतेच. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ‘रामायण’ ही १९८७ सालची मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा ती ‘पुढे काय होतं बघू’ म्हणून कुणी पाहिली नसेल. आणि पानिपत? १४ जानेवारी १७६१ या दिवसाचा सामना आपण किती वेळा पाहतो! विश्वास पाटलांची ‘पानिपत’ कादंबरी १९८८ साली आली. ती चौथ्यांदा वाचणारा माणूस माझ्या माहितीत आहे, आणि दर वेळी दुपार होईपर्यंत त्याला वाटत असतं की या खेपेला भाऊ हत्तीवरून उतरायचे नाहीत. हरलेला सामना पुन्हा पाहायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. फुटबॉल तेवढा शिकवावा लागतो.

पोशीरला तो शिकवला जावयानं. हा आमच्या गुरुजींचा जावई. पण गावात एकुलता एक कोल्हापूरकर असल्यामुळे सगळ्या गावाचाच जावई. आता कोल्हापूर म्हणजे तुम्हाला तांबडा रस्सा आणि कुस्ती आठवेल. पण तिथे तालमींचे फुटबॉलचे संघ आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशी मारुतीच्या देवळाला शोभणारी नावं घेऊन ते शाहू स्टेडियमवर उतरतात आणि शहर दोन तास कामाला निरुपयोगी होतं. विश्वचषक आला की पेठापेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिना यांची झेंडे लावून वाटणी होते, आणि एका घरातले दोन सख्खे भाऊ महिनाभर पानात वाढलेलं बघूनच जेवतात. जावई जन्मानं ब्राझीलवाला. म्हणजे घराणंच ब्राझीलचं.

आम्हा पोशीरकरांना या खेळाचा गंध नव्हता यात आमचा दोष नाही. विश्वचषक बहुतेक भरतो जून-जुलैत, आणि जून-जुलैत आमच्याकडे भाताची आवणी. समोर माथेरानचा डोंगर ढगात बुडालेला, पोशीर नदी काठाबाहेर डोकावतेय, गुडघाभर चिखलात सगळं गाव वाकलेलं, आणि वीज असली तर असते. अशात मेक्सिकोत कोण कुणाला पाय आडवा घालतोय याची पंचाईत कोण करणार? पण हल्ली हे जुने सामने सबंधच्या सबंध इंटरनेटवर मिळतात. २०२० च्या टाळेबंदीत फिफानं आपल्या कपाटातले जुने सामने काढून दाखवायला सुरुवात केली आणि जगातल्या रिकाम्या माणसांची सोय झाली. दिवसभर चिखलात राबून रात्री गुरुजींच्या ओटीवर सामना लावायचा ही कल्पना जावयाची. त्यानं १९८६ सुचवला नाही, कारण तो अर्जेंटिनानं जिंकला. १९९४ ब्राझीलनं जिंकला, पण तोही नको म्हणाला. ‘‘जिंकलेला सामना एकदा बघायचा असतो. हरलेला पुन्हा पुन्हा,’’ हे त्याचं म्हणणं. लग्नात सासऱ्यांनी घातलेल्या अंगठीपेक्षा त्याला हा पराभव जास्त जपून ठेवावासा वाटत होता.

तर स्पेनमधली १९८२ ची स्पर्धा. चोवीस संघ, बावन्न सामने. त्यातले निवडक वीस, एका रात्री एक, तारखांच्या क्रमानं. नियम एकच: पुढचं ठाऊक असलेल्यानं तोंड उघडायचं नाही. नियम मोडणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी सर्वांना भजी घालायची. मंडळात गुरुजी (निवृत्त, वय पंचाहत्तर, शिस्तीचे), जावई, औषधाच्या दुकानाचे मालक, तात्या आणि मी. पैकी तात्यांना फुटबॉलमधलं काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांना भजी घालायची वेळ कधी आली नाही. ते भजी खाण्यापुरते पक्षात होते.

क्रमानं पाहायला लागल्यावर पहिला साक्षात्कार असा झाला, की इटली हा संघ जिंकणारा वाटतच नाही. पोलंडशी बरोबरी, पेरूशी बरोबरी, कॅमेरूनशी बरोबरी. तीन सामने, दोन गोल. एक गोल जास्त केला म्हणून कॅमेरूनला मागे टाकून ते पुढे सरकले. रॉसी नावाचा तो आघाडीवीर सामने ठरवण्याच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी भोगून (आपण निर्दोष आहोत, असं तो कायम म्हणत राहिला) नुकताच मैदानावर परतला होता आणि रात्री हरवलेलं जनावर शोधत असल्यासारखा फिरत होता. चौथ्या सामन्यापर्यंत त्याचा एक गोल नाही. उलट ब्राझीलनं रशियाला दोन, स्कॉटलंडला चार, न्यूझीलंडला चार मारले होते. तात्यांनी तिसऱ्याच रात्री जाहीर केलं, ‘‘कप ब्राझीलचा. त्या इटलीवाल्या पोराला परत पाठवा.’’ आम्ही चौघांनी भज्यांच्या भीतीनं छताकडे पाहिलं. इथे मला पहिल्यांदा शंका आली. आमच्यापैकी शुद्ध न्यायबुद्धीनं सामना पाहणारा फक्त तात्या होता. आम्ही बाकीचे निकाल खिशात ठेवून पाहत होतो, आणि रॉसीच्या प्रत्येक चुकीत पुढच्या थोरवीची लक्षणं शोधत होतो. मुलगा कलेक्टर झाला की त्याच्या लहानपणच्या खोड्या ‘तेव्हापासूनच हुशार’ म्हणून सांगतात, तसं.

मग आली २५ जूनची रात्र. गिहोन गाव, पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया. याची हकिगत कारकुनाच्या आवडीची आहे. त्याच गटातल्या अल्जीरियानं पश्चिम जर्मनीला २-१ असं हरवून खळबळ माजवली होती. पण अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच संपलेला. त्यामुळे मैदानात उतरताना जर्मनी आणि ऑस्ट्रिया या दोघांनाही हिशेब तोंडपाठ होता: जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकली, तर दोघेही पुढे, अल्जीरिया घरी. जर्मनीनं सुरुवातीच्या दहा-अकरा मिनिटांत एक गोल केला. आणि त्यानंतर? त्यानंतर दोन्ही संघ जवळजवळ ऐंशी मिनिटं चेंडू एकमेकांच्या ओळखीचा असल्यासारखा इकडून तिकडे पोचवत राहिले. प्रेक्षकांतल्या अल्जीरियनांनी नोटा काढून दाखवल्या. ऑस्ट्रियाच्या समालोचकानं आपल्याच प्रेक्षकांना टीव्ही बंद करायला सांगितलं. आम्ही टीव्ही बंद केला नाही; मध्यंतरानंतर फक्त झोपी गेलो.

अल्जीरियानं तक्रार केली. फिफानं ती फेटाळली, कारण कोणताच नियम मोडला गेला नव्हता. पुढे १९८६ पासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवायची पद्धत पडली, म्हणजे दुसऱ्याचा निकाल खिशात घालून कुणाला उतरता येऊ नये. म्हणजे बघा: आगाऊ निकाल ठाऊक असणं हे आमच्यासारख्या पाहणाऱ्यांना फारसं बाधत नाही, पण खेळणाऱ्याला ते कसं नासवतं! त्या दोन्ही संघांनी निकालाच्या दृष्टीनं अगदी अचूक काम केलं. जमा-खर्च पैपैशानं जुळला. जर्मनी तर थेट अंतिम सामन्यापर्यंत गेली. आणि आज हौसेनं तो सामना पुन्हा बघणारा माणूस सापडत नाही. आम्ही पाहिला, पण आमचा त्यात झोपेपलीकडे हेतू नव्हता, असं रात्री साडेदहाला सर्वानुमते ठरलं.

आणि अखेर ५ जुलै. तीन संघांच्या गटात इटली आणि ब्राझील दोघांनीही अर्जेंटिनाला हरवलेलं. पण ब्राझीलनं जास्त फरकानं. म्हणून ब्राझीलला बरोबरी पुरे. नुसती बरोबरी! पाचव्या मिनिटाला रॉसीनं डोक्यानं गोल मारला. तात्या दचकून म्हणाले, ‘‘हा तोच का?’’ बाराव्या मिनिटाला सॉक्रेटिसनं बरोबरी केली. (हा गृहस्थ खरोखरीचा डॉक्टर होता, हे ऐकल्यापासून औषधवाल्यांना ब्राझील हा आपल्या खात्याचा संघ वाटे.) पंचविसाव्या मिनिटाला सेरेझोनं आपल्याच बचावफळीपुढे आडवा, आळसटलेला पास दिला, रॉसी मध्ये आला, २-१. इटलीच्या बचावात जेंटिले नावाचा एक खेळाडू होता. इटालियन भाषेत जेंटिले म्हणजे सौम्य, प्रेमळ. या प्रेमळ माणसानं झिकोचा शर्ट अक्षरशः फाडला. मग अडुसष्टाव्या मिनिटाला फाल्काओनं बाहेरून असा चेंडू हाणला की गुरुजींच्या शिस्तीसकट सगळी ओटी उभी राहिली. २-२.

इथे जावयानं नियमाविरुद्ध यंत्र थांबवलं. भजी मान्य केली आणि म्हणाला, ‘‘आता सांगा. बावीस मिनिटं उरलीत. बरोबरी पुरते आहे. काय करावं यांनी?’’

‘‘मागे यावं आणि बचाव करावा,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘हे शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल.’’

‘‘गेली चाळीस वर्षं सगळं जग हेच सांगतंय,’’ औषधवाले म्हणाले.

ब्राझीलनं मागे येऊन दार लावून घेतलं नाही. ज्या रीतीनं ते महिनाभर खेळले त्याच रीतीनं खेळत राहिले. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला रॉसीनं तिसरा गोल केला आणि शेवटी चाळीस वर्षांच्या डिनो झॉफनं गोलरेषेवर चेंडू दाबून धरला. (चाळिशीतल्या माणसांविषयी काही बोलण्यापूर्वी आमच्या घरी झॉफचं नाव आठवावं, अशी मी विनंती करून ठेवली आहे.) इटलीनं पुढे कप जिंकला, रॉसी सहा गोल करून स्पर्धेत पहिला आला आणि ब्राझीलच्या तेले सांताना या प्रशिक्षकाच्या कपाळी कायमचा प्रश्न आला: बचाव का केला नाही?

हा प्रश्न ऐकला की मला आमच्या बँकेतले दोन साहेब आठवतात. पहिल्या साहेबांनी एका तरुणाला कोंबडीपालनाला कर्ज दिलं. शेड स्वतः जाऊन पाहिली, कागद तपासले, जामीनदाराला चहा पाजून त्याची माहिती काढली. जे जे पाहायचं ते पाहिलं. वर्षभरात रोग आला, कोंबड्या गेल्या, कर्ज थकलं. तपासणीस आले आणि त्यांनी लाल पेन्सिलीनं विचारलं, ‘हे कर्ज मुळात दिलंच का?’ दुसऱ्या साहेबांनी आपल्या मेव्हण्याच्या ओळखीवर एकाला कर्ज दिलं. कागद नंतर घेऊ म्हणाले. त्या माणसाच्या जमिनीशेजारून रस्ता गेला, भाव वाढला, त्यानं कर्ज मुदतीआधी फेडलं. या साहेबांना शाब्बासकीचं पत्र आलं. दोघांनी काय केलं ते कुणी पाहिलं नाही. दोघांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पहिले साहेब निवृत्तीपर्यंत ‘कोंबडीवाले’ म्हणून ओळखले गेले. माझ्या मते ते चांगले अधिकारी होते, आणि तपासणीस हा माणूस सामना संपल्यावर मैदानात येतो हे त्यांचं दुर्दैव.

हे मी मंडळात सांगितलं. जावई खूश झाला. गुरुजी म्हणाले, ‘‘तुमच्या साहेबांचं ठीक. पण निकाल महत्त्वाचाच नाही म्हटलं, तर मग मी पस्तीस वर्षं पोरांचे पेपर तपासले ते कशाला?’’ प्रश्न बिनतोड होता. जावयानं सामना पुढे चालू करण्यासाठी हात उचलला. तेवढ्यात तात्या बोलले. तात्या बोलतात कमी.

‘‘त्यांना काय ठाऊक?’’ ते म्हणाले. ‘‘पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना काय ठाऊक?’’

तात्यांविषयी थोडं सांगायला हवं. नदीच्या काठाला त्यांची दोन एकर भातजमीन होती, भावकीला हेवा वाटावा अशी. १९९८ साली त्यांनी ती एका मुंबईकराला विकली. त्या वेळच्या भावानं. तेव्हा घरात मंडळी आजारी होत्या. मुंबईला मोठं ऑपरेशन करायचं होतं. ऑपरेशन झालं. चार महिन्यांनी त्या गेल्या. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. आज तो गाडी चालवतो. शनिवार-रविवारी नेरळ स्टेशनवरून मुंबईच्या पाहुण्यांना फार्महाउसवर पोचवतो, आणि त्यातलं एक फार्महाउस त्याच दोन एकरांवर आहे. भिंतीच्या आत निळं पाणी भरलेला पोहायचा तलाव आहे. वाफा कुठे होता ते त्याला दाखवता येतं. घरी परत आला की तो बापाला त्या दिवशीचा भाव सांगतो. रागानं नाही. हवामान सांगावं तसं. ‘‘आज गुंठ्याला इतके झाले.’’ तात्या हो म्हणतात. म्हणजे १९८२ चा सामना आम्ही एकदा पाहत होतो, पण तात्या आपला सामना रोज संध्याकाळी पाहत होते, आणि त्यांच्या सामन्याला नियम नव्हता. निकालापासूनच सुरुवात होई.

‘‘डॉक्टर म्हणाले होते, आशा आहे,’’ तात्या म्हणाले. ‘‘आशा आहे म्हटल्यावर जमीन धरून बसायची?’’

ओटीवर पावसाचा आवाज तेवढा होता. गुरुजींनी पाण्याचा तांब्या तात्यांच्या बाजूला सरकवला. आमच्याकडे समजूत घालायची ती पद्धत आहे.

त्या रात्री घरी येताना मला एक गोष्ट उलगडली. निकालावरून माणसाचा न्याय करणं म्हणजे त्याला जे ठाऊक नव्हतं त्याबद्दल शिक्षा करणं. तात्यांची जमीन गेली आणि माणूसही गेलं. दोन्ही खाती तोट्यात. कुठलाही तपासणीस लाल पेन्सिल काढील. पण १९९८ च्या त्या दिवशी, त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर, दुसरं काही करणारा माणूस मला आवडला नसता. आणि त्या बाईंचं ऑपरेशन यशस्वी होऊन त्या आज नातवंडं खेळवत असत्या, तर तात्यांचा निर्णय आजच्यापेक्षा काडीनंही जास्त बरोबर ठरला नसता. फक्त गावानं त्यांना शहाणा म्हटलं असतं.

पण हे सूत्र हाती लागताच सगळ्यांनीच वापरायला काढू नये. मी बँकेत आहे. ‘साहेब, निकाल काय माणसाच्या हातात असतो?’ असं म्हणणारे कर्जदार मी रोज पाहतो आणि त्यातल्या निम्म्यांनी निकालाआधीच मोटारसायकल घेतलेली असते. सेरेझोचा तो पास वाईटच होता. समजा रॉसी घसरून पडला असता आणि गोल झाला नसता, तरी पास वाईटच राहिला असता. मेव्हण्याच्या ओळखीवर दिलेलं कर्ज फिटलं तरी चुकीचंच. निकालानं चांगल्याचं वाईट होत नाही, तसंच वाईटाचं चांगलंही होत नाही. गुरुजींच्या प्रश्नाला माझ्या मते हेच उत्तर आहे. चांगला मास्तर उत्तराचा आकडा चुकला तरी रीतीला मार्क देतो, आणि शेजाऱ्याचं बघून आलेल्या बरोबर आकड्याला देत नाही. गुरुजी हेच तर पस्तीस वर्षं करत आले. मी तसं सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘मी शेजाऱ्याचं बघणाऱ्याला छडीही देत असे. ते लिहा.’’ लिहिलं.

पुन्हा पाहण्याचा फायदा तिसऱ्यांदा पाहताना कळला. (हो, ‘लोकाग्रहास्तव’ हा सामना आम्ही तीनदा पाहिला.) चाळीस वर्षं जग म्हणतं, ब्राझील बचाव न केल्यामुळे हरली. तिसरा गोल कसा झाला, तर इटलीचा कॉर्नर होता, आणि त्या क्षणी ब्राझीलची जवळजवळ सगळी माणसं आपल्याच गोलापुढे उभी होती. बचाव चालूच होता! चेंडू नीट बाहेर गेला नाही, एकानं फटका मारला, रॉसीनं वाटेतच पाय लावला. गुरुजींनी ते दोनदा मागे नेऊन पाहिलं आणि चष्मा पुसला. निकाल ठाऊक असला की कारणं आपोआप उगवतात आणि त्यातलं सोपं कारण आपण चाळीस वर्षं सांभाळतो.

दुसरी गोष्ट जावयाला जड गेली. सामना संपता संपता इटलीच्या अँतोन्योनीनं चौथा गोल केला होता. पंचांनी ऑफसाइड दिला. तो ऑफसाइड नव्हता. म्हणजे अन्याय झाला असेल तर तो जिंकणाऱ्यावर झाला. हरलेल्यावर माया करता करता जिंकणाऱ्याला आपण नशिबाचा धनी करून टाकतो, हीही एक लबाडीच. रॉसीनं दोन वर्षं बाहेर काढली, चार सामने टोमणे खाल्ले आणि तरी तो चेंडूच्या वाटेवर जाऊन उभा राहत राहिला. जावई बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘चांगला खेळला हो तो.’’ कोल्हापूरच्या पेठेत हे वाक्य उच्चारलं असतं, तर त्याला सासरीच राहावं लागलं असतं.

तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर. निकाल ठाऊक असताना आशा धरणं ही लबाडी नाही. निकाल ठाऊक नसल्यासारखं पाहता येणं ही सवय आहे, आणि ती लावून घ्यावी लागते. ताजा सामना पाहताना आपण निकालाच्या मागे धावतो; खेळणारा दिसतो कुठे? निकाल हातातून गेल्यावरच दुसऱ्याच्या जागी उभं राहून, त्याला दिसत होतं तेवढंच आपल्याला दिसावं, याचा सराव करता येतो. फुटबॉलवर तो सराव करणं स्वस्त पडतं. नंतर तो आई-बापांवर, भावांवर, कोंबडीवाल्या साहेबांवर करता येतो. आमच्या सौभाग्यवतींना हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मग आपल्या लग्नाकडेही तसंच बघायचं. तुमच्यात मला काय दिसलं होतं, तेवढ्यावर.’’ हा सराव किती लांब न्यायचा याला मर्यादा असावी, असं माझं मत झालं आहे.

तिसऱ्या वेळची आणखी एक गोष्ट राहिली. त्या रात्री पाऊस फार होता, म्हणून तात्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला. छत्री मिटून दारात उभा राहिला. पडद्यावर फाल्काओ दोन्ही हात पसरून धावत होता. पोरगा म्हणाला, ‘‘हे कोण जिंकलं?’’

‘‘ते सांगायचं नसतं,’’ तात्या म्हणाले. ‘‘भजी घालावी लागतात. दोन-दोन झालंय. पिवळ्यांना बरोबरी पुरते. तू असतास तर काय केलं असतंस?’’

पोरानं विचार केला. इतका वेळ केला, की छत्रीचं पाणी उंबऱ्यावरून आत आलं. ‘‘सांगता येत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘तिथे उभं असल्याशिवाय कसं सांगणार?’’

तात्यांनी त्याला बसायला चटई दिली. मग रॉसीनं गोल केला, तो व्हायचाच होता. बापलेक एका छत्रीतून घरी गेले. त्यानंतर पोरानं जमिनीचा भाव सांगणं बंद केलं, असं मी म्हणणार नाही. ते कथेत होतं. पण हल्ली तो रोज सांगत नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एखादे वेळी सांगतो, आणि तेव्हाही तात्यांच्या पानात भात वाढून झाल्यावर.